फुकट नेट आणि बाजाराचा न्याय

आमच्या शाळेच्या पालक सभेत सातवीतल्या एका मुलीची आई उठून म्हणाली, "सर, होमवर्क कॉपी में लिखवा दिया करो. मोबाईल का रिचार्ज खत्म है, ग्रुप पे कुछ दिखता नहीं." सभेत थोडा हशा झाला. मग मागच्या बाकांवरच्या आणखी दोघी-तिघींनी तेच सांगितले आणि हशा थांबला. घरात एक फोन, शिकणारी तीन मुले, वडिलांची हातगाडी आणि अठ्ठावीस दिवसांनी संपणारा रिचार्ज. त्या दिवसापासून मी गृहपाठ पुन्हा फळ्यावर लिहून देऊ लागलो.

सभा संपल्यावर स्टाफरूममध्ये एक सहकारी म्हणाले, "या लोकांना फुकटाची सवय लागली आहे. कंपन्यांनी महिनोन्‌महिने फुकट नेट दिले तेव्हा मजेत वापरले. आता कंपनी पैसे मागते तर रडतात. उलट उपकार मानायला हवेत." त्यांचे हे बोलणे नवे नाही. नाशिकच्या चहाच्या टपरीपासून टीव्हीवरच्या चर्चेपर्यंत हेच ऐकू येते. गरिबाला इंटरनेट मिळाले, स्वस्त मिळाले, फुकट मिळाले. त्याला 'अन्यायकारक स्पर्धा' म्हणणारे लोक एक तर बुडालेल्या कंपन्यांचे वकील, नाही तर पोट भरलेले इंग्रजी विद्वान.

मी यांपैकी कोणी नाही. उर्दू आणि मराठी शिकवणारा बी.एड. झालेला शिक्षक आहे. तरीही मला म्हणायचे आहे की, मोठ्या कंपनीने दिलेले फुकट इंटरनेट ही खैरात नव्हती, तो व्यापार होता. आणि ज्या रीतीने तो झाला, ती रीत अन्यायाची होती. उपकार मानण्याचा प्रश्नच येत नाही.

आधी जे मिळाले ते मान्य करतो. २०१६च्या आधी एक जीबी डेटासाठी दोनशे-अडीचशे रुपये मोजावे लागत. आमच्याकडची पोरे शंभर एमबीचा पॅक अत्तरासारखा थेंबाथेंबाने वापरत. २०२० साली करोनात शाळा बंद पडल्या आणि धडे व्हॉट्सअ‍ॅपवरून पाठवायची वेळ आली, तेव्हा जुना दर असता तर आमच्या निम्म्या वर्गाचे वर्षच बुडाले असते. हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि ते नाकारणे अप्रामाणिकपणाचे होईल. पण दर खाली आल्याने गरिबाचा फायदा झाला, एवढ्यावरून दर खाली आणण्याची प्रत्येक रीत न्याय्य ठरत नाही. चोरीचा माल स्वस्त मिळतो म्हणून चोरी हलाल होत नाही.

आपल्या देशात फुकट इंटरनेटचे दोन मोठे प्रयोग जवळजवळ लागोपाठ झाले. एक सरकारने थांबवला, दुसरा चालू दिला. दोन्ही शेजारी ठेवून पाहिले की कायद्याची नजर कुठे कमी पडते ते दिसते.

पहिला प्रयोग फेसबुकचा. फेब्रुवारी २०१५मध्ये रिलायन्स कम्युनिकेशन्सच्या साथीने 'इंटरनेट डॉट ऑर्ग' काही राज्यांत सुरू झाले आणि त्यात महाराष्ट्रही होता. पुढे त्याचे नाव 'फ्री बेसिक्स' झाले. ग्राहकाने डेटाचे पैसे न देता काही मोजक्या वेबसाइट पाहायच्या, अशी ती योजना. डिसेंबर २०१५मध्ये वर्तमानपत्रांची पानेच्या पाने जाहिरातींनी भरली. मार्क झुकेरबर्ग यांनी एका इंग्रजी दैनिकात लेख लिहून महाराष्ट्रातल्या गणेश नावाच्या शेतकऱ्याचे उदाहरण दिले. हा शेतकरी फ्री बेसिक्सवर पावसाचा अंदाज आणि शेतमालाचे भाव पाहतो, मग याला विरोध कशासाठी, असा त्यांचा सवाल होता.

विरोध कशासाठी, ते लासलगावच्या बाजारात कांदा नेणारा कोणताही शेतकरी समजून घेईल. समजा, बाजार समितीच्या रस्त्यावर एका व्यापाऱ्याने फुकट टेम्पो सुरू केला. पण तो टेम्पो फक्त त्याने मान्य केलेल्या गाळ्यांपाशीच थांबतो. बाकीच्या गाळ्यांकडे जायचे असेल तर भाडे भरा. टेम्पो फुकट आहे, पण कोणाच्या गाळ्यावर गिऱ्हाईक येणार हे आता त्या व्यापाऱ्याच्या हाती गेले. फेसबुकचे म्हणणे होते की, आमच्या अटी पाळणाऱ्या कोणालाही आम्ही आत घेतो. पण अटी ठरवणार तेच, बदलणार तेच. मालेगावात बसून कोणी चार पानांची उर्दू वेबसाइट चालवत असेल, तर आपल्याच गावच्या वाचकापर्यंत पोचण्यासाठी त्याने कॅलिफोर्नियातल्या कंपनीच्या अटींत बसायचे, हा कुठला न्याय?

दूरसंचार नियामक प्राधिकरणाने म्हणजे 'ट्राय'ने ८ फेब्रुवारी २०१६ रोजी नियम काढला. वेबसाइट कोणती आहे हे पाहून डेटाचा वेगळा दर लावता येणार नाही. मोडणाऱ्याला दिवसाला ५० हजार आणि जास्तीत जास्त ५० लाख रुपये दंड. काही दिवसांतच फेसबुकने फ्री बेसिक्स भारतातून मागे घेतले. लाखो सामान्य लोकांनी ट्रायला पत्रे पाठवली होती, हा त्यांचाही विजय होता. इथवर सगळे ठीक झाले.

सात महिन्यांनी दुसरा प्रयोग सुरू झाला. ५ सप्टेंबर २०१६ला रिलायन्स जिओची सेवा बाजारात आली. या वेळी दार सगळ्या इंटरनेटचे उघडे होते, त्यामुळे फ्री बेसिक्सचा आक्षेप इथे लागू होत नव्हता. फोन फुकट, डेटा फुकट, ३१ डिसेंबरपर्यंत. डिसेंबर आला तेव्हा 'हॅपी न्यू इयर' या नव्या नावाने फुकटाची मुदत ३१ मार्च २०१७पर्यंत गेली. अशा प्रसिद्धीच्या सवलती ९० दिवसांपुरत्याच असाव्यात, अशी ट्रायची भूमिका होती. पण नाव बदलल्यावर ती नवी सवलत ठरली. एप्रिलमध्ये आणखी एक मुदतवाढ आली, ती मात्र ट्रायने मागे घ्यायला लावली. तोवर काम झाले होते. १७० दिवसांत दहा कोटी ग्राहक जोडल्याचे कंपनीने फेब्रुवारीतच जाहीर केले होते.

एअरटेलने स्पर्धा आयोगाकडे तक्रार नेली. प्रतिस्पर्ध्यांना संपवण्याच्या हेतूने खर्चापेक्षा कमी भावाने विकणे हा २००२च्या स्पर्धा कायद्याच्या चौथ्या कलमाप्रमाणे गैरवापर आहे. पण एक अट आहे: विकणारा त्या बाजारात आधीच वरचढ असला पाहिजे. ९ जून २०१७ला आयोगाने तक्रार फेटाळली. जिओचा हिस्सा सात टक्क्यांहूनही कमी आहे, समोर तितक्याच ताकदीच्या कंपन्या उभ्या आहेत, तेव्हा हा वरचढ नाही. आणि वरचढ नाही तर वरचढपणाचा गैरवापर कसा होईल? नव्या दुकानदाराने ओळख व्हावी म्हणून दिलेली ही सवलत आहे, असा निष्कर्ष निघाला.

कायद्याच्या अक्षराप्रमाणे हा निकाल चुकीचा असेल असे मी म्हणत नाही. माझी तक्रार त्या अक्षराशीच आहे. फुकट विकून बाजार काबीज करणारा माणूस फुकट विकतो केव्हा? बाजार हाती नसतो तेव्हा. बाजार हाती आल्यावर त्याला फुकट विकायची गरजच नसते. म्हणजे हा नियम गुन्ह्याच्या वेळी म्हणतो, "अजून तू मोठा नाहीस, जा", आणि मोठा झाल्यावर म्हणतो, "आता तू फुकट कुठे विकतोस? जा." असा पहारेकरी काय कामाचा, जो घर फुटताना झोपतो आणि सकाळी येऊन दाराला कुलूप आहे की नाही ते पाहतो?

आणि मोठा म्हणजे किती मोठा, हे एकाच बाजारातल्या ग्राहकांची डोकी मोजून कसे कळणार? जिओ उभी करताना सुमारे दीड लाख कोटी रुपये घातले गेले. ते तेल शुद्ध करून कमावलेल्या पैशाच्या आणि पतीच्या जोरावर. त्याच कायद्याच्या १९व्या कलमात वरचढपणा ठरवताना कंपनीचा आकार आणि साधने पाहावीत असेही लिहिले आहे. मग दुसऱ्या धंद्यातल्या नफ्यावर या धंद्यात महिनोन्‌महिने फुकट देण्याची ताकद ही 'साधने' नव्हेत का?

फेब्रुवारी २०१८मध्ये ट्रायने फुकट आणि तोट्याच्या दरांबाबत नवा आदेश काढला. त्यातही मोठेपणाची खूण ठेवली ती ३० टक्के हिश्श्याची. जुन्या कंपन्या न्यायाधिकरणात गेल्या आणि डिसेंबर २०१८मध्ये तो आदेश रद्द झाला. तोपर्यंत एअरसेल दिवाळखोरीत गेली होती. रिलायन्स कम्युनिकेशन्सने मोबाईल सेवा गुंडाळली होती. टाटांचा मोबाईल धंदा आणि टेलिनॉर एअरटेलकडे वळले होते, व्होडाफोन आणि आयडिया एक झाल्या होत्या. यांतल्या प्रत्येकीला जिओनेच मारले असे म्हणणे खोटे ठरेल. लिलावातल्या चढ्या बोली, डोक्यावरची कर्जे आणि स्वतःची बेफिकिरी यांनीही त्या मेल्या. शिवाय जुन्या कंपन्या काही साव नव्हत्या. जिओचे कॉल पुरेसे जोडून दिले नाहीत म्हणून ट्रायनेच ऑक्टोबर २०१६मध्ये तीन जुन्या कंपन्यांना मिळून ३,०५० कोटी रुपयांच्या दंडाची शिफारस केली होती. मी इथे कोणत्याही कंपनीची बाजू मांडत नाही. मी बाजाराची बाजू मांडतो आहे, कारण त्या बाजारात शेवटी सातवीतल्या मुलीची आई उभी असते.

आता थोडे आपल्या घरातले बोलू. आपल्यातले काही जण म्हणतात की, इस्लाममध्ये व्यापाऱ्याला भाव ठरवायची मोकळीक आहे. लोकांनी भाव बांधून द्या म्हटले तेव्हा पैगंबर (स.) यांनी नकार दिला होता, मग स्वस्त विकणाऱ्याला अडवणारे आपण कोण? हदीस बरोबर आहे. पण मदीनेच्या बाजारातली आणखी एक गोष्ट आहे, जी इमाम मालिक यांच्या 'मुवत्ता'त आली आहे. हजरत उमर (रजि.) बाजारातून जात होते. हातिब इब्न अबी बलतआ (रजि.) मनुके विकत होते, बाजारभावापेक्षा स्वस्त. हजरत उमर यांनी त्यांना सांगितले की भाव वाढवा, नाही तर आमच्या बाजारातून उठा. खलिफा स्वस्त विकणाऱ्याला उठवतो, हे ऐकायला विचित्र वाटते. कारण इमाम शाफई यांच्याकडून आलेल्या सविस्तर वृत्तांतात कळते. ताइफहून मनुक्यांचा काफिला येणार होता, आणि हातिब यांचा भाव पाहून त्या व्यापाऱ्यांना आपला माल त्याच भावाने द्यावा लागला असता. ते बुडाले असते तर पुढच्या वेळी मदीनेत मनुके आणणार कोण?

गोष्ट इथे संपत नाही, आणि आपल्या सोयीसाठी मी ती अर्धी सांगणार नाही. त्याच वृत्तांतात आहे की हजरत उमर यांनी घरी जाऊन विचार केला, मग हातिब यांच्या दारी गेले आणि म्हणाले की ते माझे फर्मान नव्हते, शहराच्या भल्यासाठी मनात आले ते बोललो. तुम्ही हवे तिथे, हवे तसे विका. म्हणून या प्रश्नावर फिकहच्या इमामांमध्ये मतभेद आहेत. मालिकी पंडितांनी पहिल्या भागावर भर दिला, शाफईंनी दुसऱ्या.

मला या गोष्टीतून फतवा काढायचा नाही, तेवढी माझी पात्रता नाही. पण एक शिकवण दोन्ही भागांत समान आहे: स्वस्त विकणाऱ्याकडे पाहताना खलिफाची नजर आज मनुके घेणाऱ्या गिऱ्हाइकावर थांबली नाही. जो व्यापारी अजून वाटेत आहे, त्याच्यापर्यंत गेली. आणि हातिब यांच्याकडे किती माल होता? दोन गोण्या. दोन गोण्यांनी मदीनेचा बाजार ओस पडत नाही, म्हणून उमर यांनी माघार घेतली तर ते समजण्यासारखे आहे. आपल्यापुढे गोण्या दीड लाख कोटींच्या होत्या. आमच्या नाशिक जिल्ह्यात द्राक्षे पिकतात, मनुक्यांचा हिशेब आम्हाला तरी कळायला हवा.

'उपकार माना' म्हणणाऱ्यांना दुसरे उत्तरही आपल्याच शिकवणीत आहे. जकात किंवा सदका देणारा घेणाऱ्याला गिऱ्हाईक करत नाही. दिलेले बोलून दाखवले की दान वाया जाते, हे कुरआन शिकवते. जे फुकट दिल्याचा हिशेब पुढे दरवाढीतून वसूल होतो, त्याला व्यापार म्हणावे. व्यापार हलाल आहे, पण त्याला व्यापाराचे नियम लावावे. त्यावर खैरातीची चादर घालू नये.

आता सर्वांत जोरदार आक्षेप. "आजही एक जीबी २०१६पेक्षा कितीतरी स्वस्त आहे. मग गरिबाचे नुकसान कुठे झाले?" जीबीच्या हिशेबाने हे खरे आहे. पण गरीब घर जीबी विकत घेत नाही, ते महिन्याभराचा प्रवेश विकत घेते. दहा-वीस रुपयांचा टॉप-अप मारून महिना काढणारी आमची माणसे होती. जुलै २०२४मध्ये तिन्ही खासगी कंपन्यांनी एकाच आठवड्यात दर वाढवले. जिओचा १५५ रुपयांचा पॅक १८९ झाला, २३९चा २९९. एअरटेलचा १७९चा पॅक १९९ झाला. कंपन्यांचे संगनमत झाले असे मी म्हणत नाही, तसा पुरावा माझ्याकडे नाही. पण दुकानेच इतकी कमी उरली आहेत की संगनमताची गरज पडत नाही. जिओ आणि एअरटेल या दोघींकडे मिळून देशातले दोन-तृतीयांशाहून अधिक मोबाईल ग्राहक आहेत. एकीने भाव वाढवला की दुसरीला कमी ठेवण्याचे कारण उरत नाही.

आणखी एक खूण पाहा. ज्या म्हाताऱ्या माणसाला फक्त बोलायचे आहे, डेटा नको आहे, त्याच्यासाठी वेगळा पॅक ठेवा, असे ट्रायला डिसेंबर २०२४मध्ये नियम करून सांगावे लागले. भरलेल्या बाजारात असा माल कोणी तरी आपणहून विकायला ठेवतो. जिथे सरकारला हुकूम काढावा लागतो, तिथे बाजार आटलेला असतो. कोणी म्हणेल, सरकारी बीएसएनएल होती ना? होती, पण तिला ४जीचे स्पेक्ट्रम देण्याचा निर्णय झाला ऑक्टोबर २०१९मध्ये, जिओ येऊन तीन वर्षे झाल्यावर. शर्यतीत एकाला फुकट वाटायची मुभा आणि घरच्या घोड्याचे पाय बांधलेले!

माझा आक्षेप फुकटाला नाही, हे पुन्हा सांगतो. जानेवारी २०१६मध्ये मुंबई सेंट्रल स्थानकावर गूगल आणि रेलटेलने फुकट वाय-फाय सुरू केले, ते पुढे शेकडो स्थानकांवर पोचले. त्यात कोणती वेबसाइट पाहायची याची सक्ती नव्हती. सिम कोणत्याही कंपनीचे चाले, आणि २०२०मध्ये गूगलने हात काढून घेण्याचे ठरवले तरी रेलटेलची सेवा राहिली. गूगलचा त्यातही स्वार्थ होताच, पण त्या फुकटाने प्रवाशाला कोणाच्या दावणीला बांधले नाही. केरळ सरकारने जून २०२३मध्ये स्वतःचे 'के-फोन' जाळे सुरू केले आणि वीस लाख गरीब कुटुंबांना मोफत जोडणी देण्याचे उद्दिष्ट ठेवले. ते किती पूर्ण होते ते केरळची जनता विचारेल. निदान विचारायला समोर एक निवडून आलेले सरकार आहे. खुद्द ट्रायनेही डिसेंबर २०१६मध्ये ग्रामीण ग्राहकांना महिन्याला १०० एमबी डेटा सरकारी निधीतून मोफत देण्याची शिफारस केली होती. माझ्या ओळखीच्या खेड्यापाड्यांतल्या एकाही घराला ही शिफारस ठाऊक नाही.

म्हणून माझे मागणे तीन गोष्टींचे आहे. एक, फुकट सवलतीची मुदत ९० दिवस असेल तर नाव बदलून ती वाढवता येऊ नये. दोन, खर्चाखाली विकणाऱ्या कंपनीचे मोठेपण त्या एका बाजारातल्या हिश्श्यावर मोजू नये, तिच्यामागच्या संपूर्ण उद्योगसमूहाच्या ताकदीवर मोजावे. तीन, ज्यांना खरोखर फुकट नेटची गरज आहे त्यांना ते सरकारी निधीतून मिळावे, कोणत्याही कंपनीचे सिम असो आणि कोणतीही वेबसाइट पाहायची असो. यातली पहिली मागणी इंटरनेटपुरती नाही. उद्या फुकट घरपोच किराणा येईल, फुकट क्लास येईल. मोहल्ल्यातला किराणावाला आणि शिकवणीवाला उठून गेल्यावर भाव कोण ठरवणार, हे आजच विचारलेले बरे.

माझ्या सहकाऱ्यांना मी हे सगळे स्टाफरूममध्ये सांगितले. त्यांचे पूर्ण समाधान झाले नाही. ते म्हणाले, "मग २०१६मध्ये तुम्ही ते सिम घेतले नव्हते का?" घेतले होते. रांगेत उभे राहून घेतले होते, आणि माझ्या विद्यार्थ्यांच्या घरच्यांनीही घेतले. फुकट मिळणारी गोष्ट घेतली हा गरिबाचा गुन्हा नाही. ती कशासाठी दिली जाते हे विचारणे ज्यांचे काम होते, त्यांनी ते वेळेवर विचारले नाही. फ्री बेसिक्सच्या वेळी लाखो लोकांनी ट्रायला पत्रे लिहिली, कारण तिथे दार बंद होताना दिसत होते. जिओच्या वेळी दार उघडे दिसले, म्हणून आपण गप्प राहिलो. पुढच्या वेळी गप्प राहू नये, एवढ्यासाठी हे लिहिले.

सातवीची ती मुलगी अजून रोज फळ्यावरून गृहपाठ उतरवून घेते. अक्षर सुधारले आहे तिचे. पण विज्ञानाच्या धड्याचा व्हिडिओ वर्गातल्या इतर मुलांनी पाहिलेला असतो, आणि तिने नसतो.